मत आवडले नाही, म्हणून पोटावर पाय?

नोकरी जाण्याची कारणे पूर्वी मोजकी आणि उघड असत. कारखाना बंद पडे, टाळेबंदी होई, कोणी महिनोन् महिने कामावर येत नसे, कोणी स्टोअरमधला माल जेवणाच्या डब्यातून बाहेर नेताना गेटवर सापडे, कोणी सुपरवायझरवर हात उगारी. कारण खरे असो की रचलेले, त्याचा संबंध फाटकाच्या आत घडलेल्या गोष्टीशी असे. गेल्या दहा-बारा वर्षांत या यादीत एका नव्या कारणाची भर पडली आहे. माणूस कामावरून घरी आलेला असतो. जेवण झालेले असते, हातात फोन असतो. त्यावर राजकारणातली एखादी गोष्ट दिसते, तो तिच्याखाली दोन ओळी लिहितो किंवा नुसती पसंतीची खूण करतो आणि झोपी जातो. सकाळी उठतो तेव्हा त्या दोन ओळींचे चित्र त्याच्या कंपनीच्या दाराशी जाऊन पोहोचलेले असते. सोबत त्याला कधीही न पाहिलेल्या शेकडो लोकांची मागणी असते : याला कामावरून काढा.

मे २०२४ मध्ये मुंबईत असे एक प्रकरण गाजले. विद्याविहारच्या सोमय्या स्कूलच्या मुख्याध्यापिका १२ वर्षे त्या शाळेत होत्या, त्यांपैकी ७ वर्षे मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर. त्यांनी गाझातील युद्धाविषयीच्या आणि देशातील राजकारणाविषयीच्या 'एक्स'वरील काही मजकुरांना पसंतीची खूण केली होती. त्याची बातमी झाली, गदारोळ उठला. व्यवस्थापनाने आधी राजीनामा मागितला. बाईंनी तो दिला नाही. ७ मे रोजी शाळेने त्यांच्याशी असलेला संबंध संपवल्याचे जाहीर केले. समाजमाध्यमांवरील त्यांचे वर्तन शाळेच्या मूल्यांशी जुळणारे नाही, असे शाळेचे म्हणणे होते. हे काढणे बेकायदा आहे, त्यामागे राजकीय हेतू आहे आणि निर्णय आपल्याला पत्र मिळण्याआधी समाजमाध्यमांतूनच कळला, असे बाईंचे म्हणणे होते.

गाझाच्या युद्धाबद्दल बाईंचे मत बरोबर होते की चूक, हा वाद येथे घालायचा नाही. माझे स्वत:चे मत त्यांच्याशी जुळेलच असेही नाही. मला खटकते ते वेगळेच. जूनमध्ये, म्हणजे या प्रकरणानंतर महिनाभरातच, 'एक्स'ने कोणी कशाला पसंती दिली हे इतरांना दिसणे बंद केले. हेच शोधकाम कोणी जूनअखेर करायला बसला असता, तर त्याच्या हाती काही लागलेच नसते. एका तपाची नोकरी टिकावी की जावी, हे परदेशातल्या एका कंपनीने कोणते बटण कोणत्या महिन्यात झाकले यावर ठरत असेल, तर आपण नोकरी नावाच्या गोष्टीकडे पुन्हा एकदा नीट पाहायला हवे.

बातमी मुंबईची असली तरी तिची झळ आमच्या गावापर्यंत येते. माझी सारी नोकरी पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्याच्या कार्मिक खात्यात गेली. निवृत्तीनंतर मी माणमध्ये मुलाजवळ राहतो. मुळशी तालुक्यातले हे भातशेतीचे गाव. औद्योगिक विकास महामंडळाने या भागात राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारले आणि खाचरांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. हिंजवडीचे म्हणून जे आयटी पार्क सर्वत्र ओळखले जाते, त्याचा बराच भाग माणच्या शिवारात आहे. शिवाजीनगरला जाणाऱ्या २३ किलोमीटरच्या मेट्रोचा डेपोही माणमध्येच. आमच्या सोसायटीत लातूरचे, अकोल्याचे, जळगावचे, तेलंगणातले, बंगालमधले तरुण राहतात. घर कर्जावर, गाडी कर्जावर, मुलांच्या शाळेची फी दर तिमाहीला. नवरा-बायकोपैकी एकाचा पगार दोन महिने थांबला तर काय होईल, याचा हिशेब प्रत्येक घराला तोंडपाठ असतो.

जून २०२५ च्या पावसात येथले रस्ते तुंबले तेव्हा आयटी पार्कचे 'वॉटर पार्क' झाले, अशी टर उडवली गेली. त्या वर्षी रस्ते आणि वाहतुकीसाठी ऑनलाइन सह्यांची मोहीम झाली, हा परिसर पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्या, अशी मागणी जोरात पुढे आली. आमच्या आवारात त्या दिवसांत रोज रात्री सभाच भरे. नाले कोणी बुजवले, ठेकेदार कोण, कोणत्या पक्षाने काय आश्वासन दिले होते, यावर ही मुले फार मुद्देसूद बोलत. मी म्हटले, हे सगळे नावानिशी वर्तमानपत्राला लिहून पाठवा. एकदम शांतता पसरली. मग एकजण म्हणाला, "काका, तुम्हीच लिहा ना. तुम्ही रिटायर्ड आहात."

त्या मुलाला कोणी धमकावले नव्हते. त्याच्या कंपनीने तसा फतवाही काढला नव्हता. पण कुठे कोणाचे काय झाले हे त्याने वाचलेले होते, आणि तेवढे पुरे होते. एका माणसाला काढले की तो एकटाच गप्प होत नाही. त्याच्या मजल्यावरचे दोनशे जण गप्प होतात. रस्त्यातल्या पाण्याबद्दल स्वत:च्या नावाने लिहायला जो कचरतो, तो मतदारसंघाच्या, राज्याच्या, देशाच्या प्रश्नावर काय बोलणार? नागरिक म्हणून बोलणे हे निवृत्तांचे आणि बेकारांचे काम होऊन बसले, तर लोकशाहीचा व्यवहार कोणाच्या भरवशावर चालायचा?

माझे म्हणणे साधे आहे. मालक पगार देतो तो कामाचा. कामाच्या वेळेतले वर्तन, सहकाऱ्यांशी वागणूक, कंपनीची गुपिते, ग्राहकाचा विश्वास, एवढ्यावर त्याचा हक्क आहे. कामगाराच्या मतावर तो हक्क सांगू शकत नाही. आणि बाहेरची गर्दी ओरडते म्हणून त्या मतासाठी त्याच्या पोटावर पाय देण्याचा अधिकार तर त्याला मुळीच नाही.

चार्जशीट ते 'राजीनामा टाका'

आमच्या काळी कारखान्यात सारे रामराज्य होते, असे म्हणण्याचा भाबडेपणा मी करणार नाही. संघटना काढली म्हणून, संपात पुढे दिसला म्हणून माणसे काढली जात. १९७४ च्या रेल्वे संपानंतर हजारोंच्या नोकऱ्या गेल्या; १९७७ मध्ये सरकार बदलले आणि मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हा त्या कामगारांना परत घेण्यात आले. पण काढण्याची एक रीत ठरलेली होती. आधी कारणे दाखवा नोटीस, मग चार्जशीट. आरोप नेमका काय, कोणत्या तारखेचा, स्थायी आदेशातल्या कोणत्या कलमाखाली, हे लिहून द्यावे लागे. मग चौकशी. साक्षीदार समोर येत, कामगाराच्या बाजूने त्याचा एखादा सहकारी उभा राही, उलटतपासणी होई. चौकशी चालू असेपर्यंत निलंबित कामगाराला निर्वाह भत्ता मिळे. पहिले ९० दिवस अर्धा पगार, पुढे कामगाराच्या चुकीने विलंब झाला नसेल तर पाऊण. हे सगळे वेळखाऊ होते. साहेब लोक वैतागत. पण त्या वेळखाऊपणाचा एक मोठा फायदा असे. सर्वांची डोकी थंड होत.

जानेवारी १९९३ मधली एक गोष्ट आठवते. मुंबई पेटलेली होती आणि आमच्याकडे वातावरण तापलेले होते. कॅन्टीनमध्ये रोज वाद होत. कोणी एका बाजूने बोले, कोणी दुसऱ्या. एके दिवशी दोन तक्रारी एकदम आल्या. एकात म्हटले होते की, अमुक कामगार चहाच्या वेळी सरकारबद्दल आणि एका मोठ्या नेत्याबद्दल वाटेल ते बोलतो. दुसरी तक्रार एका वेल्डरची होती. दुसऱ्या पाळीच्या बसमध्ये एका सहकाऱ्याने त्याच्या धर्मावरून त्याला शिवी दिली होती आणि 'उद्या बघून घेतो' म्हटले होते. दोघांनाही घरी पाठवा, असा वरून निरोप होता.

चौकशीत दोन्ही गोष्टी वेगळ्या निघाल्या. पहिल्या कामगाराचे बोलणे कटू होते, पण ते चहाच्या सुट्टीतले होते, कोणा सहकाऱ्याला उद्देशून नव्हते, कामाचे एक मिनिटही बुडाले नव्हते. त्याच्यावर काहीच कारवाई झाली नाही. दुसऱ्याचे बोलणे एका माणसाला, कंपनीच्या बसमध्ये, धमकी देणारे होते. त्याला चार दिवस बिनपगारी बसवले आणि पाळी बदलून दिली. नोकरी कोणाचीच गेली नाही. तो वेल्डर आणि तो शिवी देणारा पुढे अनेक वर्षे एकाच कारखान्यात काम करत राहिले. मत कोणते आणि धमकी कोणती, यातला फरक कळायला आम्हाला एक टेबल, तीन खुर्च्या आणि तीन आठवडे लागले होते.

आता हे कसे होते ते शेजारच्या मुलांकडून ऐकतो. तक्रार कंपनीच्या नावासह चव्हाट्यावर येते. कधी थेट परदेशातल्या ग्राहकाला कळवली जाते. मग एचआरमधून बोलावणे येते. खोलीत दोघे-तिघे असतात. सांगितले जाते की, तू स्वत:हून राजीनामा टाक, म्हणजे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल. नाहीतर आम्हाला काढावे लागेल आणि पुढच्या कंपनीने चौकशी केली तर तसे सांगावे लागेल. आयटीत रिलीव्हिंग लेटरवाचून पुढची नोकरी मिळणे कठीण. मुलगा राजीनामा टाकतो. कागदावर कोणीच कोणाला काढलेले नसते. अशा गोष्टींची मोजदाद होणार तरी कशी?

कधी कागदावर भलतेच कारण असते. एप्रिल २०१८ मध्ये जम्मूतल्या कठुआ येथील बालिकेच्या खुनाबद्दल केरळमधल्या कोटक महिंद्र बँकेच्या एका अधिकाऱ्याने फेसबुकवर अत्यंत किळसवाणे विधान केले. देशभर संताप उसळला. बँकेने त्या विधानाचा निषेध केला आणि या माणसाला काढले आहे, असे सांगितले. कारण दिले ते मात्र असमाधानकारक कामाचे. त्या विधानाची बाजू मी कधीही घेणार नाही. पण विधानासाठी काढायचे असेल तर तसे लिहावे, आरोप ठेवावा, उत्तर ऐकावे. मोघम कारणाची सवय लागली की आज ते वाईट माणसाविरुद्ध वापरले जाते, उद्या नकोशा माणसाविरुद्ध.

रेषा कुठे ओढायची?

कंपन्यांची बाजू नाहीच असे नाही. ज्या माणसाने जाहीरपणे एखाद्या जातीबद्दल किंवा धर्माबद्दल विष ओकले आहे, त्याच्या हाताखाली त्या समाजाची मुलगी कशी काम करील? तिच्या बढतीचा अहवाल तोच लिहिणार असेल तर? हा प्रश्न कामाशीच संबंधित आहे. मार्च २०२० मध्ये, करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, इन्फोसिसच्या बंगळुरूतल्या एका अभियंत्याने, बाहेर पडा, उघड्यावर शिंका आणि विषाणू पसरवा, अशा अर्थाचे फेसबुकवर लिहिले. कंपनीने चौकशी केली, नामसाधर्म्यातून झालेली ही गफलत नाही ना हे पाहिले आणि मग त्याला काढले. पोलिसांनीही त्याला अटक केली. हे मत नव्हते. लोकांच्या जिवाला अपाय करण्याची चिथावणी होती. तेथे कंपनी चुकली असे मी म्हणणार नाही.

तेव्हा रेषा ओढता येते. धमकी, हिंसेची चिथावणी, सहकाऱ्याचा किंवा ग्राहकाचा छळ, कंपनीच्या नावाने किंवा गणवेशात केलेला प्रचार, गोपनीय माहिती फोडणे, हे रेषेच्या पलीकडले. सरकारवर टीका, एखाद्या नेत्याची थट्टा, युद्ध करावे की करू नये याविषयीचे मत, निवडणुकीत कोणाला पाठिंबा, हे रेषेच्या अलीकडले. मग ते कितीही बोचरे असो. मधल्या जागेत काही अवघड प्रकरणे राहतीलच. त्यांच्यासाठीच तर चौकशी असते.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या १९ व्या कलमातले अभिव्यक्तिस्वातंत्र्य मुख्यत: सरकारला बांधते. त्यामुळे सरकारी नोकरांची प्रकरणे न्यायालयांत गेली आणि त्यातून काही चांगले निकाल आले. मध्य प्रदेशात नगरपालिकेच्या शाळेतला एक शिक्षक, शाळा सरकारकडे गेल्यावर सरकारी सेवेत आला. तो पूर्वी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या आणि जनसंघाच्या कार्यक्रमांत भाग घेत असे, असा पोलिसांचा अहवाल आला आणि त्याला काढून टाकण्यात आले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे काढणे चुकीचे ठरवले. पूर्वीच्या राजकीय विचारांसाठी माणसाला नोकरीतून वगळणे घटनेत बसत नाही, असा त्या निकालाचा आशय. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी डाव्या विचारांकडे कल असलेले म्हणून ओळखले जात. ज्याची नोकरी वाचली तो दुसऱ्या टोकाचा होता. न्याय म्हणतात तो याला.

त्रिपुरात मत्स्य खात्यातील एका महिला कर्मचाऱ्याला, सभेला हजर राहिली आणि फेसबुकवर लिहिले म्हणून, निवृत्तीच्या तोंडावर निलंबित केले गेले. जानेवारी २०२० मध्ये तेथील उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. सरकारी नोकरीत आल्याने माणूस आपले मत मांडण्याचा हक्क गमावत नाही, वर्तणूक नियमांच्या मर्यादेत तो हक्क शाबूत राहतो, असे सांगितले. आपल्या महाराष्ट्रात मात्र वारा उलट दिशेने वाहतो आहे. २८ जुलै २०२५ रोजी सामान्य प्रशासन विभागाने समाजमाध्यमांच्या वापराविषयी निर्देश काढले. शासनाच्या धोरणांवर प्रतिकूल टीका करायची नाही, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवायची, मोडल्यास १९७९ च्या वर्तणूक नियमांखाली कारवाई. कायम कर्मचाऱ्यांबरोबर कंत्राटी कर्मचारी, स्थानिक संस्था आणि महामंडळेही त्यात आली. खात्याचा शिक्का आणि गणवेश खासगी मतापासून दूर ठेवा, हे सांगणे योग्यच. पण कंत्राटावरच्या तरुणाने घरी बसून धोरणाविषयी तक्रारही करू नये, हे कोणत्या न्यायाने?

खासगी क्षेत्रात तर आधार आणखी तोकडा. स्थायी आदेशांचा १९४६ चा कायदा कारखान्यांसाठी मोठी ढाल होती. गैरवर्तन फाटकाबाहेरचे असेल तर कामाशी त्याचा संबंध दाखवा, हे सर्वोच्च न्यायालयाने ऐंशीच्या दशकात मेरठच्या ग्लॅक्सो प्रकरणात बजावले होते. तो कायदा आता औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुन्या केंद्रीय कायद्यात १०० कामगारांच्या आस्थापनेला स्थायी आदेश लागू होत. आता ती मर्यादा ३०० आहे. चौकशी ९० दिवसांत संपवावी, निलंबनात निर्वाह भत्ता द्यावा, हे नव्या संहितेतही आहे. प्रश्न आहे तो 'कामगार' कोण याचा. व्यवस्थापकीय कामे करणारा, किंवा देखरेखीचे काम करून महिना १८,००० रुपयांपेक्षा जास्त मिळवणारा, व्याख्येबाहेर. आयटीतल्या मुलाच्या पदनामात 'लीड' किंवा 'मॅनेजर' असा शब्द आला की पहिली दोन वर्षे तो कामगार आहे की नाही यावरच वाद चालणार. तोवर बँक हप्ता थांबवत नाही.

गर्दीचे हत्यार

हे हत्यार नवे नाही. त्याला धार नवी आली आहे. २०१२ मध्ये एअर इंडियाच्या दोन कर्मचाऱ्यांना फेसबुकवरच्या मजकुरासाठी मुंबई पोलिसांनी अटक केली, १२ दिवस कोठडीत ठेवले आणि कंपनीने निलंबित केले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन मुलींना, एकीने मुंबईतल्या बंदविषयी लिहिले आणि दुसरीने त्याला पसंती दिली म्हणून, अटक झाली. देशभर टीका झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६-अ हे कलमच रद्द केले. पोलिसांचा एक रस्ता बंद झाला. पण ज्यांना माणसाला गप्प करायचे होते त्यांना दुसरा, अधिक सोपा रस्ता सापडला. पोलिसांना कलम लावावे लागते, चोवीस तासांत न्यायालयासमोर उभे करावे लागते. मालकाला यातले काहीच करावे लागत नाही.

पुण्यातलीच अगदी अलीकडची घटना घ्या. मे २०२५ मध्ये कोंढव्याच्या सिंहगड अभियांत्रिकी महाविद्यालयातील काश्मीरच्या १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने भारत-पाकिस्तान संघर्षाविषयीचा एक मजकूर इन्स्टाग्रामवर पुढे पाठवला. धमक्या येऊ लागल्यावर दोन तासांत काढून टाकला, माफीही मागितली. तिला अटक झाली, येरवड्यात ठेवले गेले आणि महाविद्यालयाने काढून टाकले. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, महाविद्यालयाच्या आदेशाला स्थगिती दिली आणि उरलेल्या परीक्षेला बसू द्यायला सांगितले. तिचे म्हणणे ऐकून न घेता तिला काढले कसे, असे न्यायालयाने फटकारले. ही मुलगी आयटी शाखेची. अशीच मुले वर्ष-दोन वर्षांत माणच्या बसमध्ये बसतात. आमच्याकडे येण्याआधीच ती काय शिकून येतात, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

बाहेरच्या जगातही हेच चालले आहे. अमेरिकेत उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांची १० सप्टेंबर २०२५ रोजी हत्या झाली. त्यावर बोचरे किंवा असभ्य लिहिणाऱ्या शिक्षकांना, विमान कर्मचाऱ्यांना, पत्रकारांना पाठोपाठ काढले किंवा निलंबित केले गेले. उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी तर हत्येचा आनंद मानणाऱ्यांच्या मालकांना कळवा, असे आवाहनच केले. गंमत अशी की, त्याआधी कित्येक वर्षे त्यांच्याच बाजूचे लोक, डाव्या विचारांची गर्दी आमच्या माणसांच्या नोकऱ्या घालवते, अशी तक्रार करत होते. दोन्ही वेळा हत्यार तेच, फक्त मूठ धरणारा हात वेगळा.

त्याच अमेरिकेत १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा टेक्सासमधल्या एका सरकारी कचेरीतल्या लिपिक तरुणीने सहकाऱ्याशी बोलताना, पुन्हा कोणी प्रयत्न केला तर तो यशस्वी होवो, अशा अर्थाचे उद्गार काढले. तिला काढले. १९८७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. बोलणे वाईट होते, पण ती धमकी नव्हती आणि तिच्या कामात त्याने अडथळा आला नव्हता. इंग्लंडमध्ये शाळेतल्या लैंगिक शिक्षणाविरुद्ध फेसबुकवर लिहिले म्हणून काढलेल्या एका शाळा कर्मचारी महिलेच्या बाजूने फेब्रुवारी २०२५ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला. एका पालकाची तक्रार आली म्हणून थेट नोकरी घेणे ही शिक्षा अपराधाच्या मानाने अवाजवी, असा त्याचा मथितार्थ. शिक्षा अपराधाच्या मापाची हवी, ही गोष्ट आमच्या कार्मिक खात्यातल्या नव्या कारकुनालाही शिकवली जाई.

आमच्या मुलांना अमेरिकेचाही काच आहेच. डिसेंबर २०२५ पासून एच-१बी व्हिसा मागणाऱ्यांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची समाजमाध्यमांवरची खाती तपासली जाऊ लागली. ती सर्वांना दिसतील अशी उघडी ठेवा, असे सांगण्यात आले. इकडे कंपनी, तिकडे वकिलात. मधल्या तरुणाने तोंड उघडायचे ते फक्त जांभई द्यायला.

मग करायचे काय? कंपन्यांना माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सुचवतो. एक, कशासाठी कारवाई होईल ते आधी लिहून सांगा. 'कंपनीच्या मूल्यांना बाधा' असले रबरी शब्द नकोत. दोन, गर्दी जमली असताना निर्णय घेऊ नका. आठ-दहा दिवसांनी तीच गर्दी दुसऱ्या कोणाच्या दाराशी गेलेली असते. तीन, आरोप लिहून द्या, उत्तर ऐका, सोबत एक सहकारी बसू द्या. कायद्याच्या व्याख्येत तो कामगार बसत नसला तरी असे करायला कोणी तुमचा हात धरलेला नाही. चार, ताकीद, दिलगिरी, बदली या पायऱ्या सोडून थेट शेवटच्या पायरीवर जाऊ नका. आणि 'स्वत:हून राजीनामा टाक' हे बंद करा. काढायचेच असेल तर स्वत:च्या सहीने काढा. सही करताना हात जरा थांबतो, असा माझा अनुभव आहे.

पण सगळा दोष कंपन्यांवर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही. त्या गर्दीत कोण असते? आपलेच भाऊबंद, शाळेतले मित्र, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातले काका-काकू. एखाद्याचे लिखाण वाचून रक्त उसळले की आपण त्याच्याशी वाद घालत नाही, तो कुठे कामाला आहे हे शोधतो. मराठीत यासाठी फार जुना शब्दप्रयोग आहे : पोटावर पाय देणे. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत भाऊबंदकीचे खटले तीस-तीस वर्षे चालत, पण कोणाच्या पोटावर पाय देणे हे पाप मानले जाई. त्याच्या घरातली लेकरे आणि म्हातारी माणसे त्या भांडणात नव्हती, एवढे भान माणसांना असे.

म्हणून रविवारच्या सकाळी, घरातली सगळी मंडळी एकत्र असताना, एवढेच ठरवावे. ज्याचे मत पटले नाही त्याला उत्तर द्यावे, कडक द्यावे, जमल्यास त्याच्याशी बोलणे सोडावे. त्याने धमकी दिली असेल तर पोलिसात जावे. पण निव्वळ मतासाठी त्याच्या मालकाला पत्र लिहू नये, आणि दुसरा कोणी लिहीत असेल तर त्याखाली आपले नाव जोडू नये. मत आपल्या बाजूचे असते तेव्हा हा संयम सोपा असतो. विरुद्ध बाजूच्या माणसाची नोकरी वाचावी म्हणून जो गप्प बसतो, त्याच्या मुलाला उद्या माणच्या काचेच्या इमारतीत बसून स्वत:च्या नावाने रस्त्याची तक्रार लिहिता येईल.